शब्दचर्चा: हात ‘जात नाही’ की ‘उचलवत नाही’?

मंडळी, आईचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून धरलाय. परवा तिला फिजिओथेरपीला नेलं. तिथला मुलगा भला, हळू बोलणारा. म्हणाला, “माताजी, बाजू ऊपर कीजिए.” आई खुर्चीतच सरकून बसली. तो पुन्हा “बाजू, बाजू” म्हणाला, तशी ती आणखी सरकली, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. जन्म इंदूरात गेलेल्या बाईला हिंदी परकी नाही. पण “बाजू में बैठो” हे इथल्या हिंदीतही रोजचंच, त्यामुळे तिच्या कानाला बाजू म्हणजे कड. मी म्हटलं, “आई, दंड वर कर.” तिने लगेच केला. जेमतेम छातीपर्यंत.

घरी येऊन वही काढली आणि शब्द लिहीत गेले. आपला दंड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात. हिंदीत दंड पेलतात, त्याला आपण जोर म्हणतो. त्याहून मोठा घोटाळा स्नायू आणि पेशींचा आहे. हिंदीतली मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, तर आपली पेशी त्यांची कोशिका. आणि हिंदीत ‘स्नायु तंत्र’ म्हटलं की विषय मज्जासंस्थेचा असतो. आमच्यासारख्या घरांत मुलं शाळेत एक शिकतात आणि आजीकडून दुसरं ऐकतात, म्हणून हे फरक मांडून ठेवायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

बेटकुळीपाशी मी बराच वेळ थांबले. कोपर वाकवून मूठ वळली की दंडावर उठते ती बेटकुळी, कुणी बेडकुळीही म्हणतात. त्यात बेडूक दिसतो. हिंदीवाल्यांना तिथेच मछली दिसते. इंग्रजी ‘मसल’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी जिवंत हलतंय, हे तिघांनाही जाणवलं. करून बघा: कोपर वाकवलेलंच ठेवून तळवा खाली करा, मग आपल्याकडे वळवा. तळवा वळताच बेटकुळी आणखी फुगते, कारण तळवा वर फिरवणं हेही त्याच स्नायूचं काम.

पुस्तकी नावांत मला अंसच्छदा आणि उरश्छदा आवडतात. अंस म्हणजे खांदा, त्याला झाकणारी ती अंसच्छदा. ऊर झाकणारी ती उरश्छदा. खांद्याच्या या स्नायूचं डेल्टॉइड हे इंग्रजी नाव डेल्टा या ग्रीक अक्षराच्या त्रिकोणावरून आलं, त्यापेक्षा मला हे जवळचं वाटतं.

माझा प्रश्न हालचालींचा आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली, शरीररचनेचंही त्यात आहे. हात अंगापासून दूर नेणं याला हिंदीत अपवर्तन म्हणतात, जवळ आणणं म्हणजे अभिवर्तन. आईला यातलं काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओथेरपी करते, माहेर ग्वाल्हेरचं. छातीच्या मोठ्या स्नायूसाठी मी ‘कव घाला’ म्हणते. मोठ्या झाडाला कवटाळताना दंड पुढून आत येतात, ते मुख्यतः उरश्छदेचं काम. पाठीच्या रुंद स्नायूसाठी ‘विहिरीतून पोहरा ओढा’.

हात बाजूने कानापर्यंत नेणं मात्र एकट्या खांद्याचं काम नव्हे. त्या १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० फरा, म्हणजे खांद्यामागचं पाठीवरचं सपाट हाड, फिरल्यामुळे. कुणाच्या तरी फऱ्यावर तळवा ठेवून त्याला हात वर करायला सांगा. फऱ्याचं खालचं टोक काखेकडे सरकताना हाताला लागतं.

आता मुद्द्याचं. आईंना विचारा, हात ‘जात नाही’ की ‘उचलवत नाही’? दुसऱ्याने धरून नेला तरी जात नसेल तर सांधाच आखडलाय. दुसऱ्याने नेला की जातो, पण स्वतःला उचलवत नाही, तर स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, फाटलाय का किंवा नस दुखावलीय का, हे आधी बघावं लागतं. दोन्हींचे उपचार वेगळे. तपासणीतला हा फरक मराठीत नुसत्या क्रियापदाने होतो: जात नाही, उचलवत नाही.

प्रतिसाद:
‘भरून आलाय’ विसरू नका. श्रमाने खांदा भरून येतो, झटक्याने पाठीत उसण भरते, पडल्यावर खांदा निखळतो. आमची आजी यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी कधी वापरत नसे.

मूळ लेखिका:
ग्वाल्हेरच्या ताईंचे फार आभार. आज आईला तसंच विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, “अगं, जातच नाही. तू ओढलास तरी नाही जाणार. आणि वेणी घालायला मागे तर मुळीच नाही.” मी दंड धरून हलकेच वर नेऊन पाहिला, छातीच्या वर जाईना, नुसता खांदा कानाकडे चढला. उद्या त्या मुलाला हे हिंदीत सांगायचंय. “उठता नहीं” म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात, म्हणून मी असं लिहून ठेवलंय: “दूसरा उठाए तो भी नहीं उठता.” याहून नेमकं कुणाला सुचत असेल तर रात्रीपर्यंत सांगा, सकाळी ११ ची वेळ आहे.