मदत हवी आहे: स्पिन-लॉक एमआरआय, करंट बंद असतानाही पट्टे

महापेला १.५ टेस्लाच्या मशीनवर हृदयाचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडायची पूर्वतयारी चालू आहे. मिठाच्या पाण्याच्या बरणीत ४ सेंमी व्यासाचा, तांब्याच्या तारेचा एकच वेढा, अक्ष मुख्य क्षेत्राला समांतर. ३.२ मिलीअँपिअरला मध्यभागी साधारण १०० नॅनोटेस्ला मिळतं. छातीवर हृदयाचं क्षेत्र शंभरेक पिकोटेस्लाच असतं, म्हणजे हा अजून पोरखेळच.

स्पिन-लॉक म्हणजे प्रोटॉनांचं चुंबकत्व रेडिओ (आरएफ) क्षेत्राने एका अक्षावर धरून ठेवणं; वेढ्यातला करंट लॉकच्याच वारंवारतेने दोलत असेल तर ते अक्षावरून वळतं, तोच सिग्नल. लॉक १३० हर्ट्झ, म्हणजे आरएफ ३.०५ मायक्रोटेस्ला, वेळ १०० मिलिसेकंद. ५० आणि १०० हर्ट्झ मुद्दाम टाळलं, कारण खोलीचं तांब्याचं आवरण मेन्सची (घरगुती विजेची) गुणगुण अडवत नाही.

अडचण अशी: करंट बंद असला तरी चित्रात बरणीच्या कडेला काळे पट्टे. इतक्या कमजोर लॉकला मुख्य क्षेत्रातली ५०-६० हर्ट्झची तफावतही लॉकचा अक्ष कलंडवते, हे उघड आहे. मध्ये १८० अंशाचा (चुंबकत्व उलटवणारा) आरएफ पल्स घालून उरलेला लॉक उलट्या दिशेने दिला, तर पट्टे जातात. पण मग वेढ्याचा सिग्नलही मंदावतो! १ नॅनोटेस्लाला चुंबकत्वाचं वळण मुळात जेमतेम पाऊण अंश, त्यात ही काटछाट परवडत नाही.

१८० चा फेज बदलून पट्टे जातील पण सिग्नल टिकेल, असा क्रम कुणी वापरलाय का? की शिमिंगवरच (मुख्य क्षेत्र एकसारखं करण्यावरच) घाम गाळावा? ठाणे-नवी मुंबईत कुणी पल्स सिक्वेन्स लिहीत असेल तर कृपया सांगा.