अनुभव धागा : हॉस्पिटलातलं सॉफ्टवेअर नेमकं कुठं अडतं?

रजिस्ट्रेशन, वॉर्ड, लॅब, फार्मसी, एक्स-रे, टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी एजन्सी). ज्या टेबलावर तुम्ही काम करता तिथं सॉफ्टवेअर कुठं अडतं, का अडतं आणि त्यावर कोणता उपाय खरोखर चालतो, ते लिहा. हॉस्पिटलचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव नको, पेशंटची ओळख पटेल असंही काही नको. पायऱ्या लिहिल्यात तर दुसऱ्या हॉस्पिटलातल्यांना उद्या सकाळी वापरता येतील.

रजिस्ट्रेशन काउंटर

मूळ दुखणं म्हणजे दुबार यूएचआयडी, म्हणजे एकाच पेशंटचे हॉस्पिटलातले दोन ओळख-नंबर. जुना नंबर सापडला नाही की नवा काढला जातो आणि जुन्या फाइलमधली अ‍ॅलर्जी डॉक्टरांना दिसतच नाही. इंग्रजी स्पेलिंगवर शोधू नका. आधी मोबाइल नंबर, मग जन्मवर्ष, मग गाव. नुसत्या मोबाइलवर विसंबलं तरी फसगत होते, कारण अख्ख्या घराचा एकच नंबर असतो.

आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) 14 अंकी नंबर असला तरी हेच पथ्य. काउंटरवरचा क्यूआर पेशंटनं स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप येतो, पण जुना यूएचआयडी आधी जोडलेला नसेल तर तिथंही दुसरा तयार होऊ शकतो. म्हणून आधी जुना शोधायचा, मग आभा जोडायचा. दोन नंबर एकत्र करायचे झाले तर ते काम रेकॉर्ड विभागाचं. काउंटरवरून परस्पर करू नये.

लॅब टेक्निशियन

आमच्याकडचा निम्मा त्रास बारकोडच्या लेबलात असतो. नळी उभी धरली की बारकोडच्या रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसल्या पाहिजेत. लेबल नळीभोवती गुंडाळलं की रेषा वळणावर जातात आणि मशीनचा स्कॅनर त्या वाचत नाही. जुन्या लेबलवर नवं तिरकं चिकटवलं आणि खालचं डोकावत राहिलं, तर मशीन जुनाच नंबर उचलू शकतं. रक्ताची पातळी दिसेल एवढी काच मोकळी ठेवा. प्रत्येक रोल बदलताना प्रिंटरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हेडचा एक ठिपका मेला तरी छापलेल्या लेबलावर पांढरी रेघ येते.

बारकोड वाचला नाही तर नंबर हातानं टाकू नये, लेबल पुन्हा छापावं. दोन आकडे उलटसुलट झाले की रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटच्या नावावर जातो. मशीनला त्यातली चूक कळायचं काही साधन नाही.

वॉर्डला कळकळीची विनंती : ‘सँपल घेतलं’ हे बटण रक्त काढल्यावरच दाबा. पहाटे सगळ्या यादीवर एकदम क्लिक केलं की वेळ खोटी पडते. सँपल पडून राहिलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा वाढतो. वाढलेला आकडा खरा की उशिराचा, हे आम्ही त्या वेळेवरूनच ठरवतो.

फार्मासिस्ट

वरच्यांच्या यादीत आयटम मास्टरची (सॉफ्टवेअरमधल्या औषधांच्या मूळ यादीची) भर घालतो. इन्सुलिनची वायल आपल्याकडे साधारण 40 युनिट प्रति मिलिची, पेनचं कार्ट्रिज 100 ची. मास्टरमध्ये नुसतं ब्रँडचं नाव असेल तर ड्रॉपडाउनमध्ये दोन्ही सारखीच दिसतात. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला 10 नाही, 25 युनिट जातात. म्हणून नावातच ताकद आणि ‘वायल’ किंवा ‘कार्ट्रिज’ लिहून घ्या, आणि ऑर्डरच्या खान्यात ‘मिलि’ हा पर्याय बंदच करायला लावा.

दुसरं, स्ट्रिप आणि गोळी. कंपनीनं 10 ची स्ट्रिप 15 ची केली आणि मास्टर जुनाच राहिला, की स्टॉक आणि बिल दोन्ही चुकतात. माल आवक करताना प्रत्येक बॅचला पॅक साइज ताडून बघा.

वॉर्ड सिस्टर

सर्व्हर बंद पडला तर काय, हे आधीच ठरलेलं असावं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला तेव्हा ओपीडी, लॅब, बिलिंग सगळं कितीतरी दिवस कागदावर चाललं. प्रत्येक ड्यूटीच्या सुरुवातीला बेड नंबर, नाव, यूएचआयडी, अ‍ॅलर्जी आणि पुढच्या डोसच्या वेळा यांची एक प्रिंट काढून ठेवावी. सिस्टिम परत आली की आधी अ‍ॅडमिशन आणि बेड बदल भरायचे, मग औषधं, शेवटी तपासण्या. क्रम चुकला तर ऑर्डर रिकाम्या किंवा दुसऱ्याच्या बेडवर चढते. एकीनं वाचायचं, दुसरीनं टाकायचं, आणि डोस दिल्याची खरी वेळ लिहायची, टाइप केल्याची नाही.

एकमेकींचं लॉगिन वापरणं मात्र थांबवा. औषध कोणी दिलं हे चार्टवर चुकीचं उमटतं आणि त्याचा जाब दुसरीला द्यावा लागतो.

टीपीए डेस्क

विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी 1 तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्यायची आहे. पण हे 3 तास हॉस्पिटलची विनंती विमा कंपनीला पोचल्यावर सुरू होतात. त्याआधीचा वेळ आपल्याच घरात जातो : न परतवलेली औषधं, डिस्चार्ज समरीवर राहिलेली सही, ‘ऑर्डर दिली पण सँपल घेतलं नाही’ अशी एखादी लटकलेली तपासणी. ती एक तपासणी अख्खं बिल अडवते. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांकडून असल्या ऑर्डर रद्द करून घ्या.

एक्स-रे

वर्कलिस्ट (मशीनवर येणारी पेशंटची यादी) अचानक रिकामी झाली तर बऱ्याचदा नेटवर्कवाल्यांनी राउटर बदललेला असतो आणि मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललेला असतो. घाईत नाव हातानं टाकून फिल्म काढली की ती पॅक्समध्ये (फिल्म साठवणाऱ्या सिस्टिममध्ये) बेवारस पडते, डॉक्टरांना दिसत नाही. मशीनचा आयपी कायमचा करून घ्या. एई टायटल (मशीनचं नेटवर्कवरचं नाव), आयपी आणि पोर्ट नंबर कन्सोलजवळ लिहून लावा, आणि आधी सी-इको टेस्ट (मशीन आणि सर्व्हरचा संपर्क तपासणारी) करा. टेस्ट पास झाली तर बिघाड नेटवर्कचा नाही, रजिस्ट्रेशनकडून ऑर्डरच आलेली नसेल. आधी तिकडं फोन लावा.