अल्झायमर: घरी प्रशिक्षित मदतनीस कधी आणावा?

उंबरठा (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. अल्झायमरच्या रुग्णासाठी घरी प्रशिक्षित मदतनीस ठेवायचा असेल तर तो लवकर ठेवावा. घरचे थकून आडवे होईपर्यंत थांबू नये.

बहुतेक घरांत काय होतं? पहिली काही वर्षं बायको, सून किंवा मुलगी एकटी निभावून नेते. मग रात्रीची जागरणं सुरू होतात, माणूस कडी काढून बाहेर पडतो, आंघोळीच्या वेळी अंगावर धावून येतो. तेव्हा कुठे घाईघाईने एजन्सीला फोन जातो. नव्या माणसाला सामावून घ्यायची रुग्णाची ताकद सगळ्यात कमी झालेली असते, नेमका तेव्हा आपण एक अनोळखी माणूस त्याच्यासमोर उभा करतो, तोही थेट बाथरूममध्ये. आणि वर म्हणतो, "आमच्याकडे कोणी टिकतच नाही."

माझ्या वडिलांसाठी आम्ही निदानानंतर लवकरच एका ताईंना बोलावलं. आठवड्यातली एखाद-दुसरी दुपार, एवढंच. तेव्हा बाबा स्वतःचं सगळं स्वतः करत होते, त्यामुळे ताई त्यांच्याबरोबर फिरायला जात, कपाट आवरत. पुढे खरी मदत लागायला लागली तोवर ताईंना पक्कं माहीत झालं होतं की बाबांचा डावा खांदा धरलेला आहे. शर्टाची डावी बाही आधी चढवली की ते शांत राहतात, उजवी आधी घातली की डावा हात मागे ओढावा लागतो आणि ते चिडतात. वरवर बारीकशी गोष्ट, पण रोज सकाळचं भांडण त्यातच होतं.

बाबांना ताईंचं नाव कधीच लक्षात राहिलं नाही. तरी त्या आल्या की बाबा सैलावत. २०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं ते रुग्ण काही मिनिटांत विसरले, पण त्यातून आलेली भावना त्यांच्या मनात बराच वेळ टिकून राहिली. लवकर आणायचं ते यासाठी. ओळख नाही राहिली तरी भरवसा राहतो, पण तो बसायला वेळ द्यावा लागतो.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनुसार डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्या माणसाची काळजी घेण्यात घरचे आणि जवळचे लोक रोज सरासरी ५ तास घालवतात, आणि काळजीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के स्त्रियांच्या वाट्याला येतात. निदानानंतर माणूस साधारण ४ ते ८ वर्षं जगतो, काही जण २० वर्षंही. इतका काळ एकाच बाईच्या जिवावर काढायचा, हे मला अमानुष वाटतं.

जुनी_वही

पूर्ण असहमत.

तुमच्या ताई चांगल्या निघाल्या, आनंद आहे. आमच्याकडे एजन्सीने (नाव लिहीत नाही) सासूबाईंसाठी इतक्या वेळा माणसं बदलली की त्या दारावरची बेल वाजली तरी घाबरायला लागल्या. दर वेळी नवा चेहरा, नवा आवाज, नवा स्पर्श. एक बाई मोठ्याने बोलायच्या, कारण त्यांना शिकवलं होतं म्हणे की म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं. सासूबाईंना उत्तम ऐकू यायचं. त्यांना वाटायचं, ही बाई आपल्यावर ओरडते आहे. मग "हिने माझ्या बांगड्या घेतल्या" सुरू झालं. त्या बाईचाही अपमान आणि आमचीही झोप गेली.

दुसरं म्हणजे, सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस शहाणा असतो. आपल्याला काय झालंय हे त्याला कळत असतं, त्याचं दुःख तो पचवत असतो. अशा वेळी "तुझ्यासाठी माणूस ठेवलाय" म्हणणं म्हणजे निदानाच्या वर आणखी एक निकाल त्याला ऐकवणं. तुमच्या वडिलांना विचारलं होतंत का?

रातपाळी

बरीच वर्षं हेच काम करते. मी दोघांशी अर्धी-अर्धी सहमत आहे, पण आळाबद्दल आधी.

जुनी_वही, चोरीचा आळ परक्या माणसामुळे येतो असं नाही. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवलेली असते, ठेवल्याची आठवण नसते, मग मेंदू रिकामी जागा भरून काढतो: कोणीतरी घेतली. जो जवळ असतो त्याच्यावर आळ येतो, आणि बहुतेक वेळा ती सख्खी मुलगी किंवा नवरा असतो. डॉ. अल्झायमर यांनी ज्या बाईंच्या आजाराचं वर्णन १९०६ साली मांडलं, त्या ऑगस्टे डेटर यांचं पहिलं ठळक लक्षणही संशयच होतं, चोरीचा नाही, पण सख्ख्या नवऱ्याच्या निष्ठेबद्दलचा. आमच्यावर आळ आला की आम्हाला निदान घरी जाऊन झोपता येतं. मुलीला नाही येत.

अशा वेळी मी "मी नाही घेतल्या" असं म्हणत नाही. "बांगड्या सापडत नाहीत? चला, बघूया" म्हणते आणि त्यांनाच बरोबर घेऊन शोधते. आधी उशीखाली, मग गादीखाली. सापडल्या की "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

आंघोळीचं पण सांगते, कारण सगळ्यात जास्त मारामाऱ्या तिथेच होतात. खोली आधी गरम करून ठेवायची. सगळे कपडे एकदम काढायचे नाहीत, खांद्यावर मोठा टॉवेल राहू द्यायचा आणि त्याच्या खालूनच अंग धुवायचं. पाणी पायापासून सुरू करायचं. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की दचकून हात उगारला जातो, आणि मग रुग्ण हिंसक आहे म्हणून फोन येतो. केस हवे तर दुसऱ्या दिवशी. समोरून यायचं, बाजूने नाही, कारण त्यांच्या नजरेचा आवाका आक्रसलेला असतो. आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवून आधार द्यायचा, वरून धरून ओढायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो, त्या वेळात तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा बोललं की त्यांच्यासाठी ते नवंच वाक्य होतं.

माणसं बदलण्याबद्दल मात्र जुनी_वही यांचं शंभर टक्के बरोबर. त्याचं कारणही कुणी विचारत नाही. "२४ तास एक माणूस" असं ज्या घरात सांगितलेलं असतं तिथे तो माणूस झोपतो कधी? रुग्ण रात्री चार वेळा उठतो, मदतनीस चार वेळा उठतो, सकाळी परत आंघोळ-कपडे. दोन-तीन आठवड्यांत तो आजारी पडतो किंवा सोडून जातो. चेहरा तोच राहायला हवा असेल तर त्या चेहऱ्याला झोप आणि सुट्टी द्या. दोन माणसं आलटून पालटून, पण कायम तीच दोन.

तिसरी_पिढी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. प्रशिक्षित माणूस काम फार चटकन उरकतो.

आजोबा शर्टाची बटणं स्वतः लावायचे. वेळ लागायचा, एखादं बटण चुकायचं, आम्ही बसून राहायचो. मदतनीस आले आणि मिनिटभरात शर्ट तयार. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. काही महिन्यांनी आजोबांची बोटं बटणापाशी जाईनाशी झाली. आजाराने झालं असतंच, हे मला कळतं. पण इतक्या लवकर? हातांना पडलेली सवय नव्या आठवणींपेक्षा जास्त काळ टिकते, पण ती वापरात असेल तर. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात हेच सांगितलं होतं की रुग्णाचं नुकसान फक्त मेंदूतल्या बिघाडाने होत नाही, भोवतालची माणसं त्याच्या हातातलं काम काढून घेतात, त्याला घाई करतात, त्याच्यादेखत तो नसल्यासारखं बोलतात, त्यानेही होतं.

उंबरठा, तुम्ही हे लवकर सुरू करायचं म्हणता म्हणजे हे नुकसानही लवकर सुरू करायचं म्हणता.

त्यापेक्षा घरच्यांना शिकवा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेरी मिटलमन यांच्या अभ्यासात ४०६ पती-पत्नी होते, आपल्या जोडीदाराला सांभाळणारे. निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका, आधारगट आणि हवा तेव्हा फोनवर सल्ला दिला. २००६ साली निकाल आला: त्यांच्या जोडीदारांना संस्थेत ठेवण्याची वेळ इतरांपेक्षा ५५७ दिवसांनी पुढे गेली. आधार सांभाळणाऱ्याला दिला, त्याच्या जागी दुसरा माणूस नाही बसवला.

उंबरठा

@जुनी_वही: हो, विचारलं होतं. पहिल्यांदा नाही म्हणाले. आम्ही विषय सोडला. पुढे आईला बरं नव्हतं तेव्हा आईच्या मदतीला म्हणून ताई आल्या, आणि बाबांनीच त्यांना थांबायला सांगितलं. सक्तीने माणूस बसवा असं मी म्हणत नाहीये.

@तिसरी_पिढी: मिटलमन यांचा अभ्यास माझ्याच बाजूचा आहे. त्या सहा बैठकांपैकी बऱ्याच अख्ख्या कुटुंबाच्या होत्या, त्यात मुलं-सुना-भावंडं बसली. एकीवरचं ओझं वाटून घ्या, हाच त्याचा गाभा. आणि त्यात सगळे जोडीदार होते. नोकरी करणारी एकुलती मुलगी, दिवसा घरात कोणीच नाही, तिने समुपदेशन घेऊन दुपारी वडिलांना कोणाच्या भरवशावर ठेवायचं?

बटणांचा मुद्दा मात्र पटतो, मनापासून. त्यासाठी पहिल्याच दिवशी लिहून द्यायचं: हे हे ते स्वतः करतात, त्यात हात घालू नका, वेळ लागला तरी चालेल. मदतनीस घाई करतात कारण घरच्यांनी त्यांना कामांची यादी दिलेली असते आणि ती संपली का हेच विचारलं जातं.

एक अभ्यास माझ्याकडूनही. १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी वयस्क जोडप्यांचा चार वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांचा मृत्यूचा धोका सांभाळावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. ते फक्त अल्झायमरचे सांभाळकर्ते नव्हते. पण आमची आई मी पाहिली आहे.

सावकाश

डॉक्टर आहे. लवकर की उशिरा या वादात एक गोष्ट राहून जातेय.

घरचे माझ्याकडे येतात आणि म्हणतात, मदतनीस सोडून जाईल, काहीतरी झोपेचं द्या. म्हणजे सांभाळणाऱ्याच्या सोयीसाठी रुग्णाला गुंगीत ठेवायचं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, अशी सगळ्यात कडक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिली आहे. कधी कधी ती औषधं द्यावी लागतात, मीही देतो, कमीत कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी. पण आधी शोधायचं की माणूस अस्वस्थ का आहे.

काल-परवापर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम भ्रमिष्ट झाला, तर ते अल्झायमर वाढल्याचं लक्षण धरू नका. हा आजार इतक्या झपाट्याने पुढे सरकत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, कोंडलेलं पोट, दुखणारा दात, नवीन सुरू झालेली गोळी, हे आधी तपासा. त्याला दुखतंय हे तो सांगू शकत नाही. हे ओळखणारा मदतनीस असेल तर तो कधीही आणा.

आणि शेवटच्या टप्प्यात प्रेम पुरत नाही. गिळणं बिघडतं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, बरेच रुग्ण त्यानेच दगावतात. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास, घास उतरला याची खात्री करून पुढचा. कूस बदलणं, त्वचा तपासणं. हे शिकलेल्या हातांनीच व्हावं, किंवा घरच्या हातांनी ते नीट शिकून घ्यावं. नाकातून नळी घालून आयुष्य वाढेल अशी आशा प्रगत आजारात ठेवू नका, तसा पुरावा नाही.

पायरी

सगळं वाचतेय. अडचण अगदी साधी आहे. सासरे विचारतात, "हा कोण? घालवा त्याला." काय सांगायचं? आम्ही "तुमचा जुना विद्यार्थी" म्हणून ओळख करून दिली. त्यांना बरं वाटतं. पण मला रोज खोटं बोलल्यासारखं होतं.

तिसरी_पिढी

खोटं आहेच ते. एखाद्या दिवशी त्यांना खरं उमगलं, तर त्यांचा कोणावर विश्वास राहील?

रातपाळी

पायरी, मी "मी तुमच्या सूनबाईंना मदत करायला आलेय" असं सांगते. ते खरं आहे, आणि त्यात "तुम्हाला जमत नाही" हा टोमणाही नाही. विद्यार्थी म्हटलं की पुढे "कुठल्या वर्षीचा?" येतं आणि बिचारा मदतनीस अडकतो. पण ते सासऱ्यांना सुखाचं वाटत असेल तर आज घाईने मोडू नका. मृत बायकोबद्दल विचारतात तेव्हा मी "त्यांची आठवण येतेय का, सांगा ना त्यांच्याबद्दल" असं म्हणते. दर वेळी मृत्यूची बातमी नव्याने देणं मला जमत नाही.

जुनी_वही

रातपाळी, तुमच्यासारखी एक जरी आली असती तर मी इथे वेगळं लिहिलं असतं.

माझा "लवकर"ला विरोध आहे तो आहेच. लवकर करायचंच असेल तर विचारणं लवकर करा: कोणाचा हात चालेल, बाई की पुरुष, कशाची लाज वाटते, खोलीत काय हलवायचं नाही. हे फक्त त्याच काळात विचारता येतं, नंतर उत्तर द्यायला ते माणूस राहत नाही. माणूस ठेवणं त्यांनी हो म्हटल्यावर. आणि एजन्सीकडून आधी लेखी घ्या की तीच दोन माणसं येतील, त्यातलं एक रजेवर असलं तर दुसरं कोण, आणि ते आधी येऊन भेटून गेलेलं असेल. हे द्यायला जी एजन्सी तयार नाही तिला नाही म्हणा, घरात कितीही ओढाताण असली तरी.

उंबरठा

पहिला भाग मान्य. ओढाताण असताना नाही म्हणणं कोणाला परवडतं, त्यावर माझा वाद आहे. आईला नसतं परवडलं.