मदत हवी आहे: यंदा हंगामाच्या सणाला काय बोलू?

सर्वांना सलाम. मी जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक. पुढच्या रविवारी आमच्याकडे हंगामाचा सण आहे. दरवर्षी लोक वेदीपुढे बाजरी, मका, भोपळे, एखादी कोंबडी आणून ठेवतात. मग लिलाव होतो, हसतखेळत बोली चढते. यंदा पावसानं सोयाबीन उभ्यानंच गेलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटलेत. एक मावशी विचारत होत्या, "पाळकसाहेब, रिकाम्या हातानं आलं तर चालंल का?"

संदेशासाठी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 3:17-18 घ्यायचा विचार आहे. अंजीर फुललं नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. वचन चपखल आहे, पण ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे त्याला आनंद करा म्हणायला जीभ रेटत नाही. आशा धरा म्हणजे रडू नका, असं तर नाही ना? विलापगीत हे शोकाचं पुस्तकही पवित्र शास्त्रातच आहे.

तुमच्या मंडळीत अशा वर्षी सण कसा करता? लिलाव ठेवता की नुसती प्रार्थना? आणि शेती करणाऱ्यांनी मोकळेपणानं सांगा, अशा वेळी पाळकाकडून काय ऐकावंसं वाटतं? काय नको वाटतं, तेही लिहा.