क्वाड बाईकवर उडी मारायला शिकायचंय, सुरुवात नेमकी कुठून करू? (पनवेल साईड)

कामोठेकर_२५०:
नमस्कार मंडळी, मी कामोठ्याला राहतो, वय २८, बाईक १० वर्षं चालवतोय, घाटात वगैरे बऱ्यापैकी हात बसलाय. दिवाळीच्या आधी चुलतभावाने सेकंडहँड स्पोर्ट क्वाड (बाईकसारखं हँडल असलेली, चार चाकांची, कच्च्या जमिनीवरची गाडी) घेतली, २५० सीसी, मॅन्युअल क्लच, पाच गियर. रोडवर चालवायची गाडीच नाही ती, म्हणून छोट्या हत्तीत टाकून पनवेलच्या पुढे आमच्या गावी नेली, तिथे घरची जमीन आहे. भातकापणी झालेली, खाचरं मोकळी, मस्त चालवली दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं बांधावरून थोडी उडवून बघू. बांध जेमतेम दीड-दोन फुटांचा. स्पीड पण फार नव्हता, पण उजवं चाक आधी चढलं आणि गाडी हवेतच डावीकडे कलली, खाली येताना पुढचं डावं चाक आपटलं, हँडल हातातून हिसकलं आणि मी बाजूला फेकला गेलो. हेल्मेट होतं, मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. भाऊ म्हणतो परत नाद करू नको. पण मला हे नीट शिकायचंय, मनापासून. बाईकवरचा काहीच अनुभव इथे कामाला आला नाही असं का झालं? आणि एकट्याने शिकायचं तर कुठल्या क्रमाने शिकू? कर्जत साईडला एका ठिकाणी पैसे देऊन एटीव्ही (म्हणजे क्वाडच) चालवली होती, तिथे ढिलं हेल्मेट दिलं आणि गोल गोल फिरवून आणलं, शिकवणं काहीच नाही.

मस्कतहून_ऐरोली:
मनगट बरं होऊ दे आधी पूर्ण. मी ओमानला नऊ वर्षं होतो, तिथे दर शुक्रवारी वाळूत क्वाड, सुरुवातीला ३५० सीसी, मग यामाहाची रॅप्टर ७००. त्यामुळे जे सांगतोय ते आपटून शिकलेलं आहे.

बाईकचा अनुभव कामाला आला नाही कारण बाईक झुकते, क्वाड झुकत नाही. बाईकचं पुढचं एकच चाक कशावर तरी चढलं तर तुझं शरीर आपोआप सांभाळून घेतं. क्वाडला पुढे दोन चाकं, त्यातलं एक आधी चढलं की तेवढा पीळ गाडीला बसतो आणि जमीन सुटल्यावर तो पीळ काढायला तुझ्याकडे काहीच उरत नाही, गाडी तशीच गोल फिरत राहते. तुझं नेमकं हेच झालं. म्हणून क्वाडवर उडी जमिनीवरच ठरते. दोन्ही पुढची चाकं एकाच क्षणी कडेवर, म्हणजे चढाच्या वरच्या टोकाला, पोचली पाहिजेत, हँडल सरळ, आणि अंगठा स्थिर, कारण क्वाडचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो.

अंगठ्याचं जरा खोलात सांगतो कारण नवीन माणूस तिथेच चुकतो. चढावर थ्रॉटल धरून गेलास आणि कडेवर आल्यावर भीतीने अंगठा सोडलास की नाक, म्हणजे गाडीचा पुढचा भाग, खाली जातं. आणि कडेवर जोरात दाबलास तर नाक वर उठतं, जास्त झालं तर गाडी मागे उलटून अंगावर. हवेत पण तसंच, मागची चाकं जोरात फिरवली की नाक वर, मागचा ब्रेक दाबला की नाक खाली. अनुभवी लोक हे वापरून गाडी हवेत सरळ करतात, पण तू पहिले काही महिने हे करायला जाऊ नकोस, चढाच्या पायथ्यापासून कडेपर्यंत थ्रॉटल एकसारखा ठेव एवढंच. हवेत गेल्यावर पण थोडा चालू ठेव, म्हणजे खाली टेकताना चाकं फिरत असतात आणि गाडी पुढे ओढली जाते.

दुसरं, बाईकवाल्यांची पाय खाली टेकायची सवय. ती आजच सोड. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावर चढतं. बाजूला पायांच्या जाळ्या (पाय खाली घसरू न देणाऱ्या) नसतील तर आधी त्या बसवून घे, उडीचं नंतर बघू.

आणि उडीच्या आधी उभं राहून चालवायला शीक. गुडघे थोडे वाकलेले, कोपर बाहेर, नजर लांब. उभ्याने पूर्ण शेत फिरता आलं, उभ्याने वळता आलं, उभ्याने ब्रेक मारता आला की मग पुढचं विचार. मला तेवढ्यालाच दोन महिने लागले होते.

गॅरेज_कळवा:
सेकंडहँड क्वाड आहे म्हणून मधे बोलतो. भावा उडी मारायच्या आधी गाडी जॅकवर चढव आणि पुढची चाकं वर-खाली, आडवी हलवून बघ. खटखट लागली की बॉल जॉइंट नाहीतर टायरॉड एन्ड (चाकाला सस्पेन्शनशी आणि स्टिअरिंगशी जोडणारे सांधे) गेलाय, उडीत तो तुटला तर चाक बाहेर वळतं आणि मग काहीच हातात राहत नाही. ए-आर्मच्या (पुढचं चाक चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या) वेल्डिंगला चिरा आहेत का बॅटरी मारून नीट बघ, जुन्या गाड्यांत रंगाखाली लपलेल्या असतात. मागच्या अ‍ॅक्सलचे बेअरिंग, चेन, हँडलचे बोल्ट, फूटपेगचे बोल्ट, सगळं.

शॉकअपचं म्हणशील तर दाबून सोड, गाडी टुणकन वर आली तर रिबाउंड (स्प्रिंगला सावकाश वर येऊ देणारा भाग) मेलाय, तसल्या शॉकअपवर उडी मारली तर कडेवरच मागचा भाग लाथ मारतो आणि तू पुढे हँडलवरून. तेल गळतंय का पण बघ. टायरची हवा बाईकसारखी २५-३० भरू नकोस, स्पोर्ट क्वाडला साधारण ४-५ पीएसआय असते, तुझ्या टायरवर आणि स्टिकरवर काय लिहिलंय ते बघ आणि कमी प्रेशरचा वेगळा गेज घे, पंपावरचा मीटर एवढं खाली धड दाखवत नाही.

दोरीवाला किल स्विच नक्की लाव, मनगटाला बांधायचा, पडलास की इंजिन बंद. क्वाडचा थ्रॉटल अंगठ्याचा असतो, आपटल्यावर हात पुढे सरकला की अंगठा आपोआप दाबला जातो आणि गाडी पळते, त्यासाठी हा स्विच.

ठाणे_फिजिओ:
मी नौपाड्यात फिजिओथेरपिस्ट आहे, क्वाड चालवत नाही, पण पाठीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाहीये. सीटवर बसून उडी उतरू नका, कृपा करून. गाडी टेकते तेव्हा सगळा दणका सीटमधून सरळ मणक्यात जातो आणि छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका, जिथे ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो, तिथे मणका पाचरीसारखा चेपतो. उभे असाल, गुडघे आणि घोटे मोकळे असतील तर तोच दणका मांड्या खातात. गुडघे पूर्ण सरळ लॉक केलेत तरी उपयोग नाही, मग बसल्यासारखंच झालं.

मनगटासाठी: मूठ घट्ट आवळल्याशिवाय दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही. हात टेकून भिंतीवर आणि मग जमिनीवर पुशअप बिनदुखता आले पाहिजेत, त्याच्या आधी हँडल धरू नका. अंगठ्याच्या मुळाशी, खोलगट भागात दाबल्यावर दुखत असेल तर एक्सरे काढाच, तिथलं छोटं हाड मोडलं तर मुरगळ समजून लोक महिना महिना अंगावर काढतात.

आणि कोणी पडलं आणि पाठ किंवा मान दुखते म्हणालं तर त्याला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायला हेल्मेट ओढून काढायचं नाही, १०८ ला फोन. गावाकडे प्रेमाने चार जण मिळून उचलतात, तिथेच जास्त नुकसान होतं.

कामोठेकर_२५०:
ताई, दाबल्यावर दुखत होतं, उद्याच एक्सरे काढतो. कळव्याच्या दादांनी सांगितलेलं बघितलं, डाव्या पुढच्या चाकात खटखट आहे!! कदाचित आधीपासूनच असेल. मस्कतवाल्या दादांना विचारायचंय की रॅम्प कसा बनवू? आमच्याकडे मुरूम आहे, जेसीबीवाला ओळखीचा आहे. आणि हळू मारली तर सेफच ना? भावाचा मुलगा १३ वर्षांचा आहे, तो पण मागे लागलाय.

मस्कतहून_ऐरोली:
पोराला या गाडीवर अजिबात नाही. ९० सीसीच्या वरच्या क्वाडसाठी कंपन्याच १६ वर्षं सांगतात, आणि यात वजनाचा भाग मोठा आहे, क्वाडवर अंग इकडून तिकडे टाकून गाडी सांभाळायची असते, १३ वर्षांच्या पोरात तेवढं वजनच नसतं. मागे बसवून पण नाही, स्पोर्ट क्वाड एकट्यासाठी असते.

हळू म्हणजे सेफ असं नाही रे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर असतं. फारच हळू गेलास तर पुढची चाकं कड सोडून खाली पडायला लागतात तेव्हा मागची अजून चढावरच असतात, म्हणजे नाक खाली. आणि जोरात गेलास तर अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. शाळेतलं गणित लाव, २० अंशांचा चढ, उतरायची जागा कडेच्याच उंचीवर, तर ताशी २० ला साधारण २ मीटर, ३० ला साडेचार, ४० ला ८ मीटर. स्पीडोमीटरवर १० चा फरक दिसतो पण उडी जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ‘अजून थोडं जोरात’ असं करायचं नाही, २ किमीने वाढवायचं.

रॅम्प टेबलटॉपच बनव. म्हणजे चढ, मग सपाट माथा, मग उतार, मधे खड्डा नाही. कमी पडलास तर माथ्यावर उतरशील, काही बिघडत नाही. दोन ढिगाऱ्यांच्या मधे रिकामी जागा असते तसलं काही करू नकोस. उंची गुडघ्याएवढी, रुंदी चांगली ३ मीटर, माथा लांब ठेव, कड धारदार नको आणि शेवटी एकदम उभी पण नको. मुरूम पाणी मारून थरथराने दाबून घे, नाहीतर दहाव्या उडीला एका बाजूची कड ढासळते आणि परत एक चाक आधी. पुढे ४०-५० मीटर मोकळं पाहिजे, बांध नाही, झाड नाही, विहीर नाही. आणि नवी मुंबईत रिकाम्या प्लॉटवर हा प्रयोग नको, राडारोड्यात सळ्या असतात, गवतात दिसत नाहीत.

सपाटावर उतरताना मागची चाकं जरा आधी, उतारावर चारही एकदम. हँडल सरळ. एक माणूस माथ्याजवळ उभा पाहिजे जो हात करेल की पलीकडे मोकळं आहे, बकऱ्या येतात.

कामोठेकर_२५०:
अपडेट देतो. एक्सरेमध्ये हाड ठीक होतं, तरी पाच आठवडे थांबलो. बॉल जॉइंट दोन्ही बाजूचे बदलले, जाळ्या लावल्या, किल स्विच लावला, फुल फेस हेल्मेट, गॉगल, चेस्ट गार्ड, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. चार रविवार फक्त उभ्याने चालवली, पहिल्या दिवशी मांड्या इतक्या भरल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. मग टेबलटॉपवरून आधी न उडता नुसती चढवली-उतरवली, वीस-पंचवीस वेळा.

काल पहिल्यांदा चारही चाकं सुटली. भावाने माथ्यावर ओला मुरूम पसरून ठेवला होता, टायरचे ठसे बघायला. पहिल्या तीन उड्यांना उजव्या मागच्या चाकाचा ठसा डाव्याच्या एक वीत पुढे होता, म्हणजे मी अजून वाकडाच येतोय, बहुतेक चढावर उजवा हात ओढतोय. मग पायथ्याला चुन्याची सरळ रेघ मारली आणि तिच्यावरून आलो. सहाव्या उडीला दोन्ही ठसे बरोबरीत, टेपने मोजलं, कडेपासून १ मीटर ९० सेंटिमीटर. तिथेच थांबलो, मनगट जरा भरून आलं होतं. पुढच्या रविवारी परत याच स्पीडला, रेघ पुसून.

मस्कतहून_ऐरोली:
ठशांची आयडिया मस्त आहे रे, आम्ही वाळूत नेमकं हेच बघायचो. रेघ पुसल्यावर दहापैकी दहा सरळ आले की मग २ किमी वाढव. व्हिडिओ बाजूने नाही, मागून काढायला सांग भावाला, खांदे दिसतील.