फ्रेंच, फ्रेंच भाषिक की फ्रेंचभाषक?

एका लेखाचा अनुवाद करतेय, त्यात 'फ्रँकोफोन' (म्हणजे फ्रेंच बोलणारा) हा शब्द सारखा येतोय. मी आधी सरळ 'फ्रेंच लोक' लिहून मोकळी झाले आणि वाक्य तयार झालं, 'किन्शासा हे फ्रेंच लोकांचं जगातलं सगळ्यात मोठं शहर'. किन्शासा आहे आफ्रिकेतल्या काँगोमध्ये. आईला वाचून दाखवलं तर म्हणते, अगं मग पॅरिस कुठे गेलं? आता 'फ्रेंच भाषिक' लिहू, 'फ्रेंचभाषी' लिहू की फ्रँकोफोनच ठेवू? जाणकारांनी सांगा प्लीज.

---

ताई, आईंनी नेमकं बोट ठेवलंय. इंग्रज म्हणजे माणूस आणि इंग्रजी म्हणजे भाषा, त्यामुळे एखादा इंग्रजी बोलतो म्हटल्यावर त्याला कुणी इंग्रज समजत नाही. फ्रेंचच्या बाबतीत ही सोयच नाही, माणूसही फ्रेंच, भाषाही फ्रेंच आणि दाढीचा कटसुद्धा फ्रेंच! पूर्वी सोय होती, मराठेशाहीच्या कागदांत फ्रान्सच्या लोकांना फरासीस म्हणायचे, पोर्तुगीजांना फिरंगी, डचांना वलंदेज. तो शब्द मागे पडला आणि एकट्या 'फ्रेंच'वर सगळा भार आला.

त्यातून काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर किन्शासाचा एक विद्यार्थी भाड्याने राहायला आला. एजंट फॉर्म भरत होता, विचारलं भाषा कुठली, हा म्हणाला फ्रेंच, झालं, त्याने राष्ट्रीयत्वाच्या रकान्यातही फ्रेंच लिहून टाकलं. मुलाने पासपोर्ट पुढे सरकवला, काँगो या अक्षरांवर बोट टेकवलं, तर एजंट म्हणतो, "हो हो, पण बोलतोस फ्रेंचच ना?" घरी तो आईशी लिंगाला या तिकडच्या भाषेत बोलायचा, शाळा फ्रेंचमध्ये झाली, कॉलेज इंग्रजीत. आणि शेजारच्या काकू त्याला क्रोसाँची रेसिपी विचारायच्या! तो समजावून सांगायचा की आमच्याकडे कसाव्याच्या पिठाचा फुफू करतात, काकू, क्रोसाँ मी पण बेकरीतूनच आणतो.

आता शब्दाचं. 'भाषिक' हे विशेषण, भाषेसंबंधीचं या अर्थाने, म्हणजे भाषिक वाद, भाषिक प्रांतरचना. बोलणारा तो 'भाषक'. माणसाला भाषिक म्हणणं आता इतकं रुळलंय की मी कुणाला टोकणार नाही, पण तुम्ही 'फ्रेंचभाषक' लिहा, जोडून. मूळ शब्दाच्या मागेही हाच विचार होता, 1880 मध्ये ओनेझीम रेक्ल्यू नावाच्या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने फ्रँकोफोन हा शब्द वापरला तो माणसं वंशावरून न मोजता बोलण्यावरून मोजायला.

---

फ्रेंचभाषकला माझं +1, पण अनुवाद करताना कुठला फ्रेंचभाषक तेही बघा हां. मी मॉन्ट्रियलला असते. माझी मावसबहीण पुण्यात फ्रेंचच्या चार परीक्षा देऊन इकडे आली, ऑफिसातल्या बाईंनी तिला रविवारी 'दिने'ला बोलावलं. पुस्तकात दिने म्हणजे रात्रीचं जेवण, म्हणून ही संध्याकाळी सात वाजता साडी नेसून, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी. इथे क्युबेकमध्ये दिने म्हणजे दुपारचं जेवण! सकाळी 'देज्यने', दुपारी 'दिने', रात्री 'सुपे'. बाई दुपारपासून वाट बघून भांडी घासून बसल्या होत्या, त्यांनी आधी तिला मिठीच मारली आणि मग सगळं परत गरम केलं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये पण जेवणांची हीच नावं, म्हणजे चुकीचं कुणीच बोलत नव्हतं.

आकड्यांचंही तसंच. फ्रान्समध्ये नव्वद म्हणजे 'चार वीस दहा', आमची आजी चार विसा नि दहा म्हणायची अगदी तस्संच, आणि बेल्जियमवाल्यांचा सुटसुटीत 'नोनांत'. तिथल्या माणसाला नोनांत म्हणतो म्हणून कच्चा समजणारे लोक भेटलेत मला, फार राग येतो. त्याची ती आईकडून आलेली भाषा आहे हो.

---

मॉरिशसची मराठी मंडळी विसरू नका. कोकणातून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्यांचे वंशज, घरात क्रिओल ही फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, वाचायला फ्रेंच पेपर, सरकारी कामाला इंग्रजी आणि गणपती आला की मराठी आरती. बेटावर 1810 मध्ये इंग्रज आले तरी फ्रेंच तिथून हटली नाही. तिथून आलेल्या एका आजींना आमच्या गावात कुणीतरी विचारलं, तुम्ही फ्रेंच का हो? त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा, आम्ही रत्नागिरीचे." आणि लगेच नातवाला फ्रेंचमध्ये दटावलं, चप्पल बाहेर काढ म्हणून!

---

सगळ्यांना खूप धन्यवाद. वाक्य आता असं केलंय, 'किन्शासा हे फ्रेंचभाषकांचं जगातलं सगळ्यात मोठं शहर', आणि जिथे देशाचे लोक म्हणायचंय तिथे फ्रेंच न लिहिता सरळ 'फ्रान्सचे लोक'. फरासीस वापरायचा मोह झाला होता पण आजच्या वाचकाला तळटीप द्यावी लागेल. दादा, त्या काँगोच्या मुलाच्या फॉर्मचं पुढे काय झालं?

---

मी आणि तो दोघं परत गेलो एजंटकडे, फॉर्म नवा भरून घेतला. या वेळी भाषेच्या रकान्यात त्याने आधी लिंगाला लिहिलं आणि मग फ्रेंच. एजंटने विचारलं, लिंगाला कुठल्या देशात येतं?