मदत हवी आहे : बोरीबंदरसमोरचा रस्ता आणि ट्राम प्रतिकृतीत बसत नाहीत

ट्रामचा_नातू
नमस्कार. गेले सात महिने मी बोरीबंदर स्थानकाची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची, प्रतिकृती करत आहे. इमारत जवळजवळ पूर्ण झाली असून घुमट, घड्याळ, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ हे सर्व मनासारखे उतरले आहे. अडचण समोरच्या परिसराची आहे. रस्ता, ट्रामचे रूळ आणि पलीकडची महापालिकेची इमारत असे सगळे फळीवर मांडले की स्थानकच झाकले जाते, आणि महापालिका उचलून बाजूला ठेवली की चौक उघडाबोडका दिसतो. शिवाय ट्रामच्या रुळांमध्ये मी पीओपी भरले होते, ते वाळल्यापासून ट्राम वीतभरसुद्धा नीट चालत नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हे काम पूर्ण व्हायलाच हवे. नेमके काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

रूळमित्र
आपण प्रमाण सांगितलेले नाही, फळीचे माप सांगितलेले नाही आणि साल तर मुळीच सांगितलेले नाही. १८९० चे बोरीबंदर करायचे असेल तर ट्राम घोड्यांची हवी. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये आली. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला येथून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली, त्यामुळे त्याआधीचे साल असेल तर फलाटांवर विजेच्या तारा दाखवता येणार नाहीत. साल ठरल्याशिवाय परिसराबद्दल एक वाक्यही सांगता येत नाही.

गिरणगावकर
बोरीबंदरचा इतिहास समजून घेतल्याशिवाय प्रतिकृतीत जीव येणार नाही, असे मला मनापासून वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढत सुमारे ४०० प्रवाशांना ठाण्याला नेले, तेव्हा आजची इमारत नव्हतीच. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. आपण ते पहिले साधे स्थानकही एका कोपऱ्यात दाखवावे, म्हणजे पाहणाऱ्याला कालक्रम कळेल.

ट्रामचा_नातू
गिरणगावकर, माहितीबद्दल आभार, परंतु मला कालक्रम दाखवायचा नाही. रूळमित्र, प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. फळी सहा फूट बाय तीन फूट. आमच्या परळच्या खोलीत याहून मोठी मावत नाही. साल १९६४, हे मला इतके उघड वाटले की लिहायचे राहून गेले. माझे आजोबा बेस्टमध्ये ट्राम कंडक्टर होते आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली तेव्हा ते चौकात उभे होते. १५ तारखेला त्यांचा वाढदिवस आहे. आता तरी कोणी रस्त्याबद्दल सांगेल का?

अचूकमाप
रस्त्याआधी एक मूलभूत चूक दाखवणे मला भाग आहे. आपल्या ब्रॉडगेज रेल्वेची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६७६ मि.मी. आहे. १:८७ मध्ये ती १९.३ मि.मी. होते, आणि बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मि.मी. चा, म्हणजे १४३५ मि.मी. च्या युरोपीय रुळाची प्रतिकृती आहे. त्यावर भारतीय डबा ठेवला की तो अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. मी स्वतः कथिलाने डाख देऊन सात फूट रूळ हाताने घातला आहे. आपणही तेच करावे. डोळ्याला लगेच फरक जाणवतो.

रूळमित्र
अचूकमाप, आपले गणित बरोबर आहे, पण सल्ला येथे लागू होत नाही. इतक्या कमी दिवसांत कोणी हाताने रूळ घालून, चाकांचे आस बदलून, इंजिने चालती करू शकत नाही. शिवाय धागाकर्त्याचा प्रश्न रस्त्याच्या बाजूचा आहे. मुंबईची ट्राम १४३५ मि.मी. च्या रुळावरच धावत होती, त्यामुळे १६.५ मि.मी. चा रूळ ट्रामसाठी अगदी अचूक आहे.

अचूकमाप
ट्रामपुरते मान्य. पण कमानींमधून मागचा फलाट थोडा जरी दिसणार असेल, तर ट्रामचा आणि रेल्वेचा रूळ एकाच रुंदीचे दिसतील आणि जाणकाराला ते खटकेल.

ट्रामचा_नातू
मागचा फलाट दिसणार नाही. तेथे मी फक्त दिवे लावले आहेत.

चौकट
मी नाटकाच्या नेपथ्याचे काम करते, रेल्वेचे नाही, तरी मापाबद्दल बोलते. स्थानकाची गाड्यांची शेड सुमारे १२०० फूट लांब आहे. १:८७ मध्ये ती ४.२ मीटर होईल आणि आपली फळी पावणेदोन मीटरच्या थोडी वर आहे. म्हणजे आपण आधीच बरेच काही गाळले आहे आणि ते योग्यच आहे. मग महापालिकेसाठी अडून का बसायचे? पाहणारा कोठे उभा राहणार आहे, ते आधी ठरवा. तो महापालिकेच्या बाजूला उभा राहणार असेल तर ती इमारत त्याच्या पाठीशी आहे, डोळ्यांसमोर नाही. फळीच्या पुढच्या कडेला तिच्यासमोरचा पदपथ, दोन दिवे आणि फिरोजशहा मेहतांचा पुतळा, तोही पाठमोरा, एवढेच ठेवा. इमारत न दाखवताही ती तेथे आहे हे कळेल.

गिरणगावकर
मला हे पटत नाही. महापालिकेची १८९३ ची इमारतसुद्धा स्टीव्हन्स यांचीच. एकाच माणसाने उभ्या केलेल्या दोन इमारती समोरासमोर आहेत, हेच त्या चौकाचे वैभव आहे. ती १:१६० मध्ये करून मागे ठेवावी, म्हणजे लांब असल्याचा भास होईल.

चौकट
लहान प्रमाणाची युक्ती मागच्या बाजूला चालते. येथे महापालिका स्थानकाच्या मागे नाहीच, ती पाहणाऱ्याच्या अलीकडे आहे. जवळची वस्तू लहान आणि दूरची मोठी केली तर संपूर्ण चौक उलटा वाटेल. वैभवाबद्दल आपल्याशी माझा वाद नाही.

ट्रामचा_नातू
चौकट, फळीची कड हीच महापालिकेची पायरी, हे मला सुचलेच नव्हते. आजोबांना खुर्चीवर त्याच बाजूला बसवणार आहे. आता पीओपीचे काय करू?

लोहारचाळ
आधी सांगा, रूळ पोलादी आहेत की निकेल सिल्व्हरचे, म्हणजे न गंजणाऱ्या मिश्रधातूचे? पीओपी ओले असतानाच वीज सोडली होती का? ट्राम एका जागी थांबते की रुळावरून उतरते?

ट्रामचा_नातू
पोलादी. वीज सोडली नव्हती. ट्राम उतरते, आणि उतरली नाही तर थांबते.

लोहारचाळ
मग दोन वेगळे दोष आहेत. उतरते, कारण रुळाच्या आतल्या कडेला चाकाची ओठासारखी कड जाण्यापुरती खाच राहिलेली नाही, त्यामुळे चाक उचलले जाते. थांबते, कारण ओल्या पीओपीने पोलाद गंजले आहे आणि चाकापर्यंत वीज पोहोचत नाही. मी हीच चूक केली होती. दुसऱ्या दिवशी रुळाच्या माथ्यावर बोट फिरवले तर बोटाला तांबूस भुकटी लागली होती. पीओपी पूर्ण खरवडून काढा. त्याऐवजी एक मि.मी. जाडीच्या प्लॅस्टिक पत्र्याच्या पट्ट्या कापून दोन रुळांमध्ये चिकटवा, त्या रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहतील अशा बेताने, आणि दोन्ही बाजूंना दीड मि.मी. फट सोडा. चिकटवण्याआधी ट्रामचा मोकळा आस हाताने लोटत सगळीकडे फिरवून पाहा. बाहेरच्या बाजूला पीओपी चालेल, पण रूळ निकेल सिल्व्हरचा घेतला तरच. पत्रा अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतो.

डिजिटल_डबा
माझ्या मते आपण डिजिटल नियंत्रण बसवावे. एकाच रुळावर चार ट्राम वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात आणि घंटेचा आवाजही देता येतो.

लोहारचाळ
ज्या रुळातून साधी वीज नीट पोहोचत नाही, त्यातून डिजिटल संदेश मुळीच पोहोचणार नाही. आधी गंज.

रूळमित्र
१९६४ निश्चित झाले म्हणून आता सांगतो. नामफलकावर व्हिक्टोरिया टर्मिनस असेच हवे. नाव १९९६ मध्ये बदलले. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, त्यामुळे जीआयपी (आधीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ही अक्षरे कोठेही नकोत. रस्त्यावर फियाट ११००, अॅम्बेसेडर, व्हिक्टोरिया घोडागाडी आणि बेस्टची लाल दुमजली बस चालेल, रिक्षा एकही नको. बसचे तयार नमुने बहुधा १:७६ चे मिळतात. ते पुढच्या कडेला, पुतळ्याजवळ ठेवा. जवळची बस थोडी मोठी दिसते ती योग्यच वाटेल.

ट्रामचा_नातू
मी फलकावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लिहून ठेवले होते. आज ते पुसले. पट्ट्या बसवून झाल्या आहेत आणि ट्राम टोकापासून टोकापर्यंत चारदा गेली. एकच राहिले. आजोबा नेहमी सांगतात की शेवटच्या थांब्यावर दोरी धरून ट्रॉलीचा दांडा, म्हणजे वरच्या तारेतून ट्रामला वीज देणारा दांडा, फिरवण्याचे काम त्यांचे असे. त्यांना आधी कळू न देता, दादरकडे निघालेल्या ट्रामवर दांडा कोणत्या बाजूला झुकवायचा? दांड्याला किती जाडीची तार घेऊ?

लोहारचाळ
अर्ध्या मि.मी. ची पितळी तार दांड्याला, आणि वरच्या तारेला याहून बारीक. दांडा नेहमी गाडीच्या मागे कललेला असतो. आजोबा महापालिकेच्या बाजूने पाहणार, म्हणजे उत्तर त्यांच्या डाव्या हाताला. ट्राम क्रॉफर्ड मार्केटकडे, म्हणजे डावीकडे निघालेली असेल, तर दांडा उजवीकडे, घुमटाच्या दिशेने झुकलेला ठेवा. आणि दोरी विसरू नका. शिवणाचा काळा दोरा मागच्या कठड्याला बांधा.